एका हातची पत्रं

वहिनी : (शिलाई मशीन थांबवत) म्हणजे अकरा घरी पत्रं पोचली आणि माझ्याच घरी नाही.

हवालदार : तेच सांगायला आलो, वहिनी. बाहेरून कानावर गेलं असतं तर बरं दिसलं नसतं.

वहिनी : कधीच गेलंय. दवाखान्यात तुमच्या पलटणीतल्या एका नाईकाची बायको भेटली. नवऱ्याचं शेवटचं पत्र पर्समध्ये घेऊन फिरते. दाखवलं तर अक्षर यांचं.

हवालदार : आमच्या तुकडीत दादाच लिहायचे सगळ्यांची. आमचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आमच्या पलटणीची रीत आहे, हल्ल्याआधी पत्र लिहून खिशात ठेवायचं. गेलोच, तर मागे राहिलेल्यानं घरी पोचवायचं. त्या दिवशी दादांपुढे रांग लागली होती. कंपनीतले शंभरावर जण डोंगरावर गेलो, सदतीस खाली आलो. आमच्या तुकडीतला मी एकटाच.

वहिनी : आणि स्वतःचं?

हवालदार : मी म्हटलं, आता तुमचं लिहा. तर म्हणाले, माझं काय, घरी जाऊन तोंडानंच सांगेन. नंतर त्यांचा खिसा मीच पाहिला, वहिनी. रिकामा होता.

वहिनी : तोंडानं सांगणार! सुट्टीवर आले की महिनाभर तोंडाला कुलूप. दुसऱ्यांच्या बायकांना पानंच्या पानं लिहिली. राग येतो हो भावजी. इतकी आठवण येते आणि हातात एक ओळ नाही.

हवालदार : (खिशातून घडी घातलेला कागद काढत) हे बारावं. माझं. मी परत आलो, म्हणून द्यायचं राहिलं.

वहिनी : तुमच्या बायकोचं पत्र मी कशी वाचू?

हवालदार : मी वाचतो. तेव्हा घाईत न बघताच खिशात टाकलं होतं, काल पहिल्यांदा उघडलं. 'पोरांना रडवू नकोस', हे मी सांगितलेलं. त्याखालचं मी सांगितलंच नव्हतं. दिवसभर लोकांचं लिहून दमले होते, लिहिता लिहिता स्वतःच्या घरी पोचले बघा. 'शिवताना दिवा जवळ घेत जा. मशीन एकटीनं उचलू नकोस. मी बोलत नाही, पण तुझ्या मशीनचा आवाज कानावर पडल्याशिवाय मला घरी आल्यासारखं वाटत नाही.'

वहिनी : (मशीनवरचं कापड बाजूला सारते.)

हवालदार : माझी बायको शाळेत शिकवते, वहिनी. तिला बटणसुद्धा लावता येत नाही.

वहिनी : परत वाचा. सावकाश वाचा.