कौतुकाची बाही

...आणि मला म्हणते काय, "आजी, ड्रेस बघायला ये, पण तिथे ते जीव-बीव काही म्हणू नकोस!" मला! अहो, तुम्हाला सांगते, बगदादहून इस्रायलला आलो तेव्हा मी आठ वर्षांची, शाळेचं तोंड पाहिलं नाही, हिब्रू शिकले ती इथल्या, ओर येहुदाच्या बाजारात, भाजीवाल्यांकडून, आणि भाजीवाले काय शिकवणार? "ये माझ्या जिवा, काकडी घे, डोळ्यांची बाहुली, पिशवी पुढे कर, कपारा, तुझ्यावरून ओवाळून टाका मला, टोमॅटो दाबू नकोस!" झालं! हीच माझी हिब्रू! मी बसवाल्याला जीव म्हणते, औषधवाल्या पोरीला राणी म्हणते, परवा मीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा म्हटलं, कपारा, जपून, शिडी डुगडुगतेय... मग? बोलायचं तरी काय माणसाने?

पण नात, लिराझ, माझ्या रूतीची धाकटी, महिन्यावर लग्न आलंय, ती म्हणते, "आजी, तू मीटरवाल्यावरून जीव ओवाळून टाकतेस, मग मला म्हणतेस त्यात उरलं काय? सव्वीस वर्षांत खास माझं असं एक वाक्य बोलली नाहीस." हसत नव्हती हो. डोळ्यांत पाणी होतं.

आणि हे कुठून आलं ते मला ठाऊक आहे! त्या इल्झेबाईंकडून! म्हणजे नवरामुलगा इतामार, त्याची आजी. जर्मनीची, पाठ अशी ताठ की भिंतीला लाज वाटावी. शुक्रवारी दुपारी आमच्याकडे जेवायला आल्या, मी बिटाच्या रश्श्यातले कुब्बे केले, पहाटेपासून, खिमा भरलेला एकेक गोळा हाताने वळलेला, बाईंनी त्यातला एक खाल्ला, रुमालाने ओठ टिपले आणि म्हणाल्या, "वाईट नाही." वाईट नाही! मी ताटंच उचलणार होते! तर ही लिराझ स्वयंपाकघरात येऊन उड्या मारतेय, "आजी, ऐकलंस? इतामारच्या आईला तीस वर्षांत नाही म्हणाल्या त्या असं!" म्हणजे बघा, त्यांनी तीस वर्षं तोंड मिटून ठेवलं तर त्यांचा शब्द सोन्याचा, आणि मी जन्मभर ओंजळीने वाटला तर माझा फुकटचा? मग बोलायचं तरी काय माणसाने?

ड्रेसच्या दुकानाच्या दारात रूतीने मला थांबवलं. "आई, आज पोरीला काहीतरी खरं बोल. तिचं. नाहीतर लग्नात ती इल्झेबाईंच्याच गळ्यात पडेल आणि तू कोपऱ्यात बसशील, सांगून ठेवते."

पडदा सरकला, पोरगी बाहेर आली, आणि... काय सांगू तुम्हाला! "जीव" म्हणायला तोंड उघडलं, तर तो सकाळीच बसवाल्याला देऊन झालेला! राणी? ती औषधवाली. सुंदर म्हणावं तर दृष्ट लागते, आमच्याकडे घरच्या पोरीला ते कुणी म्हणतच नाही. तोंड उघडं ते उघडंच! रूती कोपराने ढोसतेय, ड्रेसवाली फ्रिदा दातांत टाचण्या धरून विचारतेय, "बोला की आजी, कशी दिसते नवरी?" आणि मी आपली बघत उभी. शब्द नाही म्हटल्यावर माणूस करणार काय, बघणारच. बघता बघता म्हणाले,

"उजवी बाही दोन बोटं सैल करा."

फ्रिदाची टाचणी गळून पडली. "सैल? अहो, मापात बसलीय! सध्याची फॅशन आहे!"

"फॅशन तुमच्या घरी! हिचा उजवा कोपर सरळ होत नाही. सहा वर्षांची असताना तुतीच्या झाडावरून पडली. प्लास्टर काढून डॉक्टर म्हणाला, ठीक आहे. नव्हतं ठीक. आंघोळ मी घालायचे, मला कळायचं. अजून केस बांधताना हात वर नेत नाही, मान खाली घेते. लग्नात आमच्या रीतीप्रमाणे नवरीला खुर्चीसकट उचलून नाचतील, घाबरून दोन्ही हात वर करेल, आणि काखेत टर्रकन फाटेल तुमची फॅशन!"

रूतीने डोळेच मिटून घेतले. म्हटलं, मेले, कौतुकाला आणली होती आणि मी खोड काढून बसले! तर लिराझ हुंदके देत माझ्या गळ्यात! ड्रेससकट, टाचण्यांसकट, मला तीन टोचल्या! "आजी, हे इतामारलासुद्धा माहीत नाही गं! हेच... हेच हवं होतं मला!"

हे? बाही सैल करा, हे? अहो, वीस वर्षं ठाऊक आहे मला ते! विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं! मग बाजारात इतकी वर्षं मला काय शिकवलं त्या लोकांनी? आणि बोलायचं तरी काय माणसाने?

तर आता मेंदीच्या समारंभात, दीडशे माणसांसमोर, मला दोन शब्द बोलायचेत. लिराझचा हट्ट. "अगदी तसंच बोल आजी, मनापासून!" नाही कसं म्हणणार...

कोपर झाला, आता तिच्या गुडघ्यांवर बोलेन म्हणते.