मनातली अढी कशी दाखवायची

हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… अगं, तू होय. थांब, जरा रेडिओ बंद करतो… हां, बोल. शूटिंग संपलं का?… नाही? मग भर कामात मामाची आठवण कशी झाली? कोणी पडलं-बिडलं नाही ना?… बरं. मग ठीक आहे.

काय अडलंय?… शेवटचा सीन. हो, माहीत आहे ना, माझीच तर गोष्ट… म्हणजे होती माझी. आता तुझी… अगं, मी म्हटलंच होतं तुला. पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, या गोष्टीत सिनेमा काढण्यासारखं काही नाही. दोन म्हातारे आणि एक छापखाना. मासिकवाल्यांनी दोनदा परत पाठवली होती. तिसऱ्यांदा छापली ती बहुतेक पान भरायला… नाही, रडगाणं गात नाहीये. तू विचारलंस म्हणून… नाही विचारलंस? बरं.

सावकाश सांग… हो… हो… शेवटचं वाक्य मला पाठ नाही गं. तूच वाच… "आणि त्या क्षणी त्याच्या मनातली नऊ वर्षांची अढी नकळत सुटली." हो, माझंच आहे. फार वाईट आहे का?… मग?… अढी सुटते ती कॅमेऱ्याला दिसत नाही. हं… नाही, बरोबर आहे तुझं. कागदावर काय, सुटली असं लिहिलं की सुटली.

मग नटाने काय केलं?… डोळे टिपले… सर्दी झाल्यासारखं वाटलं? अरेरे. आणि दुसऱ्यांदा?… खिडकीबाहेर बघितलं. पण तिथून तर पलीकडच्या इमारतीचे नळ दिसतात. नळांकडे बघून कशी सुटेल अढी… चिडलाय का तो? एवढा मोठा नट, आणि माझ्यापायी… काय म्हणाला?… "मला काय वाटतं ते सांगू नका, मी काय करतो ते सांगा." शहाणा माणूस आहे.

वेळ किती आहे तुझ्याकडे?… साडेचारला खोलीतला उजेड जातो. आणि आत्ता… अगं, किती वाजले गं?… तुला नाही, मामीला विचारतोय. माझं घड्याळ आत आहे… साडेतीन होऊन गेले म्हणते. मग उद्या घे ना… हो, हो, ते विसरलोच. उद्यापासून तिथे गोदाम. आणि नाहीच जमलं तर?… काढून टाकणार? अख्खा सीन?… मग सिनेमा संपणार कुठे?… जुळारी पिशवी घेऊन एकटाच जिना उतरतो, तिथे.

नाही. नाही गं, तिथे नको… म्हणजे तुझा सिनेमा आहे, मी कोण नको म्हणणारा. पण तिथे संपला तर तो माणूस तसाच गेला ना. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा एक, प्रूफं तपासणारा दुसरा, म्हणजे तुझा नट, मध्ये एक भिंत. नऊ वर्षं एका शब्दाने बोलले नाहीत, आणि जुळारी तसाच जिना उतरून गेला… हो, तेच तर नको आहे मला.

तू असं कर, दुसऱ्या कोणाला तरी विचार. ती तुमची पटकथा लिहिणारी मुलगी आहे ना, चष्मेवाली… तिनेच मला फोन करायला सांगितलं? का बरं?… छे. मी आपला कोपऱ्यात बसून वाचणारा माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, स्वतःच्या अशा चार गोष्टी लिहिल्या, त्यातही एक ही… बरं, बरं. करतो विचार. मामाच्या अंगावर ओरडू नये.

मागून आवाज देता येईल का?… म्हणजे कोणीतरी ते वाक्य वाचायचं, आणि चित्रात तो नुसता बसलेला… नाही. बरं, नाही… हो, चित्राला चिठ्ठी डकवल्यासारखं होईल. कळलं.

मग मिठी?… हा उठतो, जातो आणि… विचारून झालंय त्याला? काय म्हणाला?… "नऊ वर्षं न बोललेली माणसं मिठी मारत नाहीत, खोकतात." मग खोकायला सांग त्याला… बरं, गंमत केली.

थांब, तुझी मामी काहीतरी सांगतेय. काय गं?… ती म्हणते, दोघांना चहा पाजा… तीन सीनमध्ये चहा झालाय?… अगं, तीन सीनमध्ये झालाय म्हणते… मामी म्हणते, मग चौथ्यांदा पाजा, त्यात काय एवढं.

समासात काही लिहू दे का? मुद्रितशोधक आहे तो, लाल पेन हातातच असतं. शेवटच्या प्रूफच्या समासात बारीक अक्षरात लिहायचं, "माफ कर"… हो. मलाही बोलताना लाजच वाटली.

काय विचारलंस?… प्रूफ येतं-जातं कसं? तुला माहीत आहे की… बरं, सांगतो. जुळारी पलीकडच्या खोलीत खिळे जुळवणार, प्रूफ काढणार आणि मधल्या भिंतीतल्या खिडकीतून इकडे सरकवणार. इकडचा चुका शोधणार, लाल खुणा करणार, कागद परत त्याच खिडकीतून तिकडे. नऊ वर्षं दोघांत संबंध म्हणशील तर एवढाच… भांडण? ते तर तू पहिल्याच आठवड्यात घेतलंस ना. अहवालात तारीख चुकीची छापली गेली, मालकाने सगळ्यांना बोलावलं, आणि इकडच्याने आपलं जुनं प्रूफ काढून पुढे केलं. की बघा, मी लाल खूण केली होती, यानेच खिळा बदलला नाही. खरंच होतं ते. पण सगळ्यांसमोर, असं कागद नाचवून… हो. ती खूणच नडली.

शेवटच्या प्रूफात एक अक्षर उलटं पडलंय, ते ठेवलंस ना पटकथेत?… छान. खिळा उलटा बसला की तसं होतं… हो, याला ती चूक दिसते. आणि अढी सुटते… मधे? मधे काय होतं म्हणजे?… मधे काय होणार…

काय?… मी काय केलं? मी कुठे आलो यात. गोष्ट आहे ती… कोणी, तुझ्या आईने सांगितलं? माझ्या बहिणीच्या पोटात कधी काही राहिलं नाही… हो. होता असा एक जुळारी. नऊ नाही, सहा वर्षं. गोष्टीत वाढवली मी.

मी काही केलं नाही… अगं, काही नाही म्हणजे काहीच नाही. त्याचा शेवटचा दिवस होता. प्रूफ आलं, एक अक्षर उलटं होतं. मी लाल गोल केला आणि दिलं खिडकीतून सरकवून. रोजच्यासारखं. दहा मिनिटांनी दुरुस्त होऊन परत आलं, मी सही केली. पाच वाजले, तो गेला. जिन्यावर त्याची पावलं वाजत होती आणि मी खुर्चीत बसून होतो… हो. म्हणूनच ते वाक्य. करून दाखवायला काही नव्हतं, म्हणून वाक्यातल्या वाक्यात अढी सोडून टाकली. स्वस्तात सुटलो… नाही गं, रडत कशाला. घसा खवखवतोय… खोकलो तर खोकलो.

काय करायला हवं होतं?… आता काय त्याचं… नाही. थांब. जरा बोलू नकोस.

…

आहे, आहे मी. कागद घे. त्याला उलटं अक्षर दिसतं. तो लाल पेन उचलतो, सवयीने उचलणारच. टोपण काढतो. कागदावर टेकवायला जातो आणि थांबतो. टोपण परत लावतो… हो, खूण नाही करायची. एकही नाही… छे छे, चूक सोडून कशी देईल? मुद्रितशोधक आहे तो, जेवण जाणार नाही त्याला. ऐक ना. तो उठतो. खिडकीतून सरकवत नाही. कागद घेऊन दाराने बाहेर पडतो, व्हरांड्यातून जातो आणि पलीकडच्या दाराने आत… हो, स्वतः. नऊ वर्षांत त्या खोलीत पाय ठेवलेला नाही त्याने. जुळाऱ्याच्या शेजारी जाऊन उभा राहतो, कागद त्याच्यापुढे ठेवतो आणि त्या अक्षरावर बोट ठेवतो. नुसतं बोट… मग जुळारी बघतो. चिमट्याने खिळा उचलतो, सुलटा करून बसवतो. झालं.

नाही, बोलायचं नाही कोणी. कागदावर खूण नाही, म्हणजे कोणाला दाखवायला काही उरलंच नाही. चूक झाली होती हे दोघांनाच माहीत… कळेल का गं लोकांना?… खरंच?… मला नाही खात्री. माझ्यावर जाऊ नकोस, नटाला विचार. तो नको म्हणाला तर सरळ सोडून दे, मला वाईट नाही वाटणार… हो, धरून आहे.

विचारायला गेलीय… मला काय माहीत, अजून आली नाही ती… नको गं, खुर्ची नको. उभाच बरा आहे.

हां, बोल… काय म्हणाला?… टोपण परत लावायला किती वेळ घ्यायचा? असं विचारलं त्याने?… म्हणजे पटलंय त्याला? तो नुसता तुझं मन राखायला तर… बरं. सांग त्याला, रेंगाळू नको म्हणावं. शाई वाळू नये म्हणून आपण लावतो ना, तसं. त्याला स्वतःलाही कळता कामा नये की आपण काही मोठं केलं.

आत्ताच तालीम?… नको, फोन चालू नको ठेवूस… बरं. बरं, ठेव जुळाऱ्याच्या टेबलावर. मी गप्प राहतो.

…

शूः… तालीम चाललीय तिकडे… काही नाही, पंख्याची घरघर येतेय… पावलं. पावलं येतायत… थांबली. दारातच थांबला वाटतं… नाही, आला… आता काही नाही… हे काय घासलं? लाकूड घासल्यासारखं… तू बोलू नकोस ना.

हां, ऐकतोय. झालं?… ते घासलं काय मघाशी? काही पडलं का?… स्टूल? कोणाचं स्टूल?… जुळाऱ्याने टेबलाखालचं स्टूल ओढलं. कशाला?… याच्यासाठी? पायानेच?… वर न बघता. हातात चिमटा, डोळे खिळ्यावर, आणि पायाने स्टूल ओढून याच्यापुढे केलं.

कोणी सांगितलं त्याला?… तू नाही? चष्मेवालीने?… मग त्याला कसं सुचलं?… नाही, गोष्टीत नाहीये ते. माझ्या गोष्टीत जुळारी मान खाली घालून बसलेला असतो, एवढंच. सगळं याच्याच मनात चाललेलं… अगं, इतकी वर्षं मी आपला एकच विचार करत आलो. मी गेलो असतो तर मी काय केलं असतं, मी काय बोललो असतो. त्यानेही काही केलं असतं, हे… हे माझ्या डोक्यातच आलं नाही कधी.

हा बसला का मग?… बसला. बरं झालं.

काय विचारतेस, ठेवायचंच. गोष्टीत नसलं म्हणून काय झालं… नाही, मला कशाला राग येईल. त्या जुळाऱ्याचं काम करणाऱ्याला माझा नमस्कार सांग. थांब, नको, नमस्कार नको, तो बिचारा अवघडेल… बरं, सांग.

कोण ओरडतंय?… आवाज घेणारा. फोन बंद करा म्हणतो? बरोबर आहे त्याचं… उजेड आहे ना अजून?… मग जा. आणि ऐक ना, एकच. कॅमेरा त्या दोघांच्या मागे ठेवता आला तर… म्हणजे चेहरे नकोत, दोन पाठी शेजारी शेजारी… नाही, तुझं तू बघ, मला त्यातलं काय कळतंय, मी उगाच… हो? कॅमेरावालीने आधीच मागे नेऊन लावलाय?

बरं. जा, बाळ. मी ठेवतो.