ऊन न सोसणारं खुराडं

हसू नका, पण आमच्या नातेपुते गावातल्यासारख्या पिसवा जगात कुठं नसतील. त्यांच्यापायी खुडूक कोंबडी अंडी सोडून पळायची.

बायको म्हणाली, "पिल्लं न्हाय निघाली, तर तुमालाच बसवीन अंड्यांवर."

मग मी कोंबडीला अंड्यांसकट राख घातलेल्या पाटीत हलवलं आणि पिसवा मराव्यात म्हणून रिकामं खुराडं उन्हात ठेवलं. चहा पिऊन येतो, तर खुराडं कडुलिंबाच्या सावलीत! पुन्हा उन्हात ठेवलं, पुन्हा सावलीत.

"कोन हलवतंय वो हे?" बायकोनं विचारलं.

"पिसवाच की," मी म्हणालो. "ऊन सोसंना त्यांस्नी."

पाटीत पुढं पिल्लं झकास निघाली. खुराडं मात्र उन्हात ठेवलं त्याच संध्याकाळी चालत शेजारच्या तात्यांच्या अंगणात गेलं. सकाळी तात्या पाठ खाजवत आले, "खुराडं फुकट दिलंस गड्या, लई उपकार झालं!"