मागच्या कप्प्याचं झाकण

लोधिवलीची मंडळी, साजगावच्या कारखान्यातले वसंताचे सोबती, आणि धरणापलीकडून चालत आलेली ठाकूरवाडीची माणसं,

तुम्ही आलात. मागे उभे राहू नका, पुढे जागा आहे.

मी बोलणार नव्हते. जन्मभर शाळेत मुलांपुढे बोलले, तेवढं पुरे होतं. तरी चार पानं लिहून आणली, कारण काल नाक्यावरचा श्रद्धांजलीचा फलक वाचला. ‘होडीच्या छंदात रमणारे वसंतराव.’ लावणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. पण हे खरं नाही. वसंता माझा धाकटा भाऊ. दोघांच्या नोकऱ्या संपल्यावर आम्ही एकाच घरात राहत होतो. ती होडी आमच्या अंगणात दोन वर्षं होती. छंद असता तर मी ती तिथे ठेवू दिली नसती.

ठाकूरवाडीला दवाखान्यात यायचं तर धरणाला वळसा घालून अडीच तास. नाहीतर ती जुनी होडी. तिच्यात एकाने वल्हवायचं आणि एकाने पाणी उपसायचं. हिराबाई समोर बसल्या आहेत. त्यांची सून बाळंतपणाला त्या होडीतून आली, तेव्हा पाणी पोटऱ्यांपर्यंत चढलं होतं. वसंताने हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी नव्या होडीसाठी फळ्या आणल्या.

त्याने होडीला दोन बंद कप्पे केले, एक पुढे, एक मागे. होडीत पाणी भरलं तरी कप्प्यांतली हवा तिला बुडू देत नाही. हिराबाई बघायला आल्या होत्या.

“ह्या खोलीत काय ठेवायचं रं?”

“काय नाय. हवा.”

“आन् हवेला दार कशाला? बाजाराला जाती का ती?”

वसंता म्हणाला, “आत वल धरली तर फळी कुजंल. ती बघाया दार पायजे. पन त्या दारातनं पानी गेलं तर समदं बुडंल.”

आता त्याची चूक सांगते. चूक आपल्या सगळ्यांची आहे. आपल्याकडे दारं पावसात फुगतात, म्हणून इथला कुठलाही सुतार दाराला नाणं सरकेल एवढी फट सोडतो. आमच्या वडिलांनी वसंताला तेच शिकवलं होतं. त्याने होडीच्या झाकणालाही तशीच फट सोडली. पहिल्याच बादलीला कप्पा ओला. तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही, जणू फट मी सोडली होती.

चौथ्या दिवशी माझा पापडाचा डबा नाहीसा झाला. डब्याचं झाकण काठावरून बाहेर उतरतं, हे त्याने पाहिलं होतं. मग त्याने कप्प्याच्या तोंडाभोवती चार बोटं उंच कड उभी केली आणि झाकण तिच्यावरून बाहेर उतरवलं. झाकणाच्या आतून रबराची पट्टी. कडेला खडू फासायचा, झाकण दाबायचं, उचलायचं. पट्टीवर खडूची रेघ जिथे तुटली, तिथे फट. पुन्हा घासायचं, पुन्हा खडू. पुढच्या झाकणाला हे अकरा वेळा झालं. डबा मला खडूने माखलेला परत मिळाला. मी त्याला बोलले. फार बोलले.

शेवटची परीक्षा पाण्याची. वसंता गुडघे छातीशी घेऊन कप्प्यात बसायचा. मी झाकण लावायचं, बाहेरून खिट्ट्या आवळायच्या आणि वरून बादल्या ओतायच्या. आतून एक थाप आली तर कोरडं. दोन आल्या तर गळतंय.

“उघडायला विसरू नको गं, ताई.”

“विसरायचं की नाही ते तुझ्या वागण्यावर.”

पुढच्या कप्प्याची एक थाप आली. ती अजून माझ्या हाताला आहे, झाकणाच्या फळीतून आलेली. मागचं झाकण बसवलं त्या संध्याकाळी तो म्हणाला, “ताई, चार बादल्या ओत गं.”

मी म्हणाले, “उद्या. आधी जेव.”

तो जेवला. पहाटे गेला.

चार बादल्या. किती वेळ लागला असता? मंडळी, तुम्ही माझी समजूत घालायला याल. येऊ नका. मला समजूत नको आहे. मला ती संध्याकाळ हवी आहे. दुसरं काही नाही.

तेराव्यानंतर मी ठरवलं, न तपासलेलं झाकण ठाकूरवाडीला द्यायचं नाही. पण आत कोण बसणार? हिराबाई म्हणाल्या, “मी बसतंय. मी बारीक हाय.” मी खिट्ट्या आवळल्या. चार बादल्या ओतल्या. आतून काही येईना. माझा हात खिट्टीवर गेला, आणि थाप आली.

एक.

कोरडं होतं. त्याचं काम चोख होतं. मी झाकण उघडलं तेव्हा आतून हिराबाई बाहेर आल्या. दुसरं कोण येणार होतं? तरी मी क्षणभर वाट पाहिली. एवढं कबूल करते.

आता उभे राहूया. दोन मिनिटं. कुणी खोकू नका, फोन बंद करा. मी ऐकत असेन.

बसा. वसंता, तुला तुझ्या ताईचा नमस्कार.

आता पोच वाचते, म्हणजे उद्या वाद नको. ठाकूरवाडीला आज दिलेलं सामान: होडी एक. वल्ही दोन. झाकणं दोन, दोन्ही पाण्याने तपासलेली. रबराची जादा पट्टी, पाच हात. खडूची पेटी, अर्धी वापरलेली. घेणार, हिराबाई, अंगठा उठवला आहे. देणार, मी.

बादली दिलेली नाही. दरवर्षी मिरगाच्या आधी ती घेऊन मी स्वतः येईन.