डावीकडे दादा, उजवीकडे बाया

चकलांब्याच्या तलावाचं ऐका. गाळ बायांनी काढला आणि सत्कार मात्र गावच्या पुढाऱ्याचा, दादांचा. दादांच्या कौतुकाचं गाणं रुक्मिणमावशींनी गायलं. मी चेन्नईहून ध्वनिमुद्रण शिकून गावी परतलेलो, म्हणून रेकॉर्डिंग माझ्याकडे.

ते ऐकून दादा म्हणाले, "आवाज लई बारीक हाय. इको टाक, न्हाईतर दुसरा गायक आनतो."

"इको नाही," मी म्हणालो. "मावशीच पुन्हा गातील. आधीचा आवाज डाव्या स्पीकरला, नवा उजव्या. मांडवभर पसरेल."

दादा गेल्यावर मावशी पुन्हा गायल्या, पण या वेळी दादांच्या नावाच्या जागी एकेका बाईचं नाव घेत. संपल्यावर म्हणाल्या, "आता पुसून टाकतूस का रं?"

"मुळीच नाही."

आपल्याकडचा मांडव तुम्हाला माहीतच आहे. डावीकडे पुरुष, उजवीकडे बाया, दोन्हीकडे एकेक स्पीकर. गाणं लागलं. दादा हात जोडून ऐकत बसले. पलीकडे बायांनी टाळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला.

दादा माझ्याकडे वळले. "बाया कावून एवढ्या टाळ्या वाजवायल्यात बे?"

मी म्हणालो, "दादा, त्यांच्यात जाऊन बसा. ऐकू येईल."