दोघांचं वेगवेगळं पाणी

सोनोग्राफीसाठी नंबराची वाट बघत बसलेल्या शिक्षिकेशेजारी एक सासूबाई आणि त्यांची जुळी पोटात असलेली सून येऊन टेकल्या. तपासणी आटोपली होती. सासूबाईंनी लगेच घरी नवऱ्याला फोन लावला, तोही स्पीकरवर.

“अहो, एकाभोवती चार सेंटिमीटर पाणी आहे, दुसऱ्याभोवती साडेतीन!”

“कितीपैकी?”

“पैकी कसलं? परीक्षा आहे का? दोनच्या खाली जायचं नाही, आठच्या वर जायचं नाही.”

“अगं, पण मागच्या तपासणीत दुसऱ्याचं दोनच्या खाली होतं ना?”

“त्याचंच आता साडेतीन झालंय. आणि आपली सून बघा, एवढं सगळं झालं पण डोळ्यांतून टिपूस काढलं नाही तिनं!”

“आई, रडले होते मी. बाथरूममध्ये, नळ सोडून.”

“माहितेय गं. दाराबाहेर मीच उभी होते.”

शिक्षिकेनं हातातलं मासिक मिटलं. फोनमधून काहीच आवाज येईना.

“अहो, ऐकताय ना?”

“ऐकतोय. शेजारच्यांना बोलावून आणलं. आता पहिल्यापासून सांग, जरा मोठ्यानं.”