परतीची खेप

(आसगाव. मंडईच्या, म्हणजे गावच्या दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, आदल्या दिवशीची दुपार. इतवारी ढिवर अंगणात बसून जाळं सांधतो आहे, पण लक्ष जाळ्यात नाही. बाजूला नाटकासाठी केलेला पुठ्ठ्याचा डोंगा, म्हणजे होडी, रंग वाळायला ठेवला आहे. बायको सखाबाई आणि नाटक लिहिणारी लेक ज्योत्सना समोर.)

इतवारी: नाही म्हंजे नाही. थ्या लुमुंबाले मी वापस नेत नाही. दुसरा नावाडी पाय.

ज्योत्सना: बाबा, उद्या मंडईत नाटक आहे. आता दुसरा कुठून आणू? वल्हं खरंखुरं मारणारा तुमच्याशिवाय आहे कोण?

इतवारी: मंग त्याले या काठावरच राहू दे. नाटक तूच लिवलं ना? खोडून टाक तेवढं.

ज्योत्सना: गोष्ट माझ्या मनची नाही. आफ्रिकेतला काँगो देश, त्याचा तो पहिला पंतप्रधान. नजरकैदेतून निसटला, आपल्या माणसांकडे चालला होता. वाटेत मोठी नदी. तो आधी पार झाला. बायको अन् लहान पोरगा मागच्या काठावर राहिले, त्यांना शिपायांनी धरलं. म्हणून तो परत गेला. तिथं सापडला, अन् पुढं त्याला मारलं.

इतवारी: हेच मले समजून नाही राह्यलं. देश त सुटला होता ना?

ज्योत्सना: सुटला होता. त्याच वर्षी.

इतवारी: मंग शिपाई कोनाचे? गोऱ्याईचे?

ज्योत्सना: नाही, त्याच्याच देशाचे.

इतवारी: देश त्याचा, शिपाई त्याच्या देशाचे, अन् पळून थोच राह्यला?

ज्योत्सना: बाहेरचे लोक मागून कळ फिरवत होते, बाबा. अन् घरचेही फिरले.

इतवारी: माह्या डोक्याचा पार भुगा झाला.

सखाबाई: होऊ द्या भुगा. तुमाले निदान वल्हं त मारा लागते. मी नाटकात त्याची बायको झाली, त तोंडात एक शब्द नाही. गाठोड्याचं लेकरू घेऊन नुसतं उभं राहा.

ज्योत्सना: आई, ती काय बोलली ते कुठंच सापडलं नाही. मी काय लिहू?

इतवारी: तिच्यापायीच त गेला थो. साऱ्या देशाचा मानूस. एका बाईसाठी वापस वळते का कोनी?

सखाबाई: एका बाईसाठी?

इतवारी: मी नाटकातलं बोलून राह्यलो.

सखाबाई: हो का. पूर इसरले वाटते.

ज्योत्सना: कोणता पूर, आई?

सखाबाई: तू कडेवर होती तवाचा. नदी गावात शिरली. आपल्या ढिवराईची रीत हाय बाई, आधी गाव पार होते, नावाड्याचं घर शेवटच्या खेपेले. आपन दोघी देवळाच्या ओट्यावर. डोंगा ये, लोकं भरे, जाय. तुहा बाप माह्याकडं पाहे पन नाही.

इतवारी: पाह्यलं असतं त तुले आधी बसवलं असतं. मंग रीत कोठची?

ज्योत्सना: अन् शेवटची खेप?

इतवारी: धार वाढली होती. थ्या काठावर लोकाईनं मले धरून ठेवलं. म्हने, इतवारी, आता जाऊ नोको. तू बुडला त गावाले नावाडी कोन?

ज्योत्सना: लुमुंबालाही सोबतचे असंच अडवत होते म्हणतात.

इतवारी: हं.

ज्योत्सना: तरी तुम्ही गेलात. का?

इतवारी: काहून म्हंजे? तुमी दोघी इकडं होत्या ना.

ज्योत्सना: मग त्याचं काय चुकलं?

इतवारी: चुकलं म्हनतो कोन? मी तुमाले घेऊन परतलो. थो नाही परतला. आपल्या गावचा धर्मेंद्र लुमुंबा होऊन, त्याचा कोट घालून माह्या डोंग्यात बसते, अन् मले वाटते, जिता मानूस मीच नेऊन राह्यलो मराले. वल्हं उचलत नाही, पोरी. भेव लागते.

ज्योत्सना: आई.

सखाबाई: काय वं?

ज्योत्सना: त्या दिवशी डोंगा ओट्याला लागला, तेव्हा तू बाबांना काय म्हटलं?

सखाबाई: काय म्हनीन? पानी पायाशी आलं होतं, तू रडून राह्यली होती. म्हटलं, "लय टाईम लावला जी."

ज्योत्सना: एवढंच?

सखाबाई: येतीन हे मालूम होतं. मंग अजून काय म्हना लागे?

ज्योत्सना: मग उद्या तेच म्हण. तेच तुझं वाक्य.

सखाबाई: म्हनीन ना. पन त्याच्यासाठी डोंगा त इकडं याले पायजे.

इतवारी: येईल.